तूर आपली, डाळ विकतची : किराणा महाग का होतो?



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आपण कारण विचारतो आणि वहीत लिहितो. बियाणं, खत, शेळी, पोरीची फी, दवाखाना. आता त्या यादीत "किराणा" हेही कारण यायला लागलं आहे. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते. किराण्याचं कर्ज महिनाभरात खाऊन संपतं आणि हप्ता तेवढा मागे राहतो. म्हणून या अंकात किराण्याचाच हिशोब मांडू या. "भाव कायले वाढते वं बाई?" असं आपण एकमेकींना विचारतो, त्याचं उत्तर शोधू या.

तेल कुठून येतं?

आपला देश जेवढं खाण्याचं तेल वापरतो, त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया आणि युक्रेनमधून. त्यामुळे तिकडे काही झालं की आपल्या कढईपर्यंत पोचतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं. त्या वेळी तेलाचा पिपा किती रुपयांना घेतला होता, ते आठवून पाहा.

दुसरं कारण आयात शुल्क, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार घेतं तो कर. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात भाव त्याच्या खाली होते. शेतकऱ्याला आधार मिळावा म्हणून केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सणाच्या तोंडावर तेल महागलं. पुढे ३१ मे २०२५ पासून ते शुल्क १० टक्क्यांवर आणलं.

मग तेल महागलं तेव्हा आपलं सोयाबीन का नाही वाढलं? कारण १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. बाकीची बहुतेक पेंड. पेंडीचा भाव पडलेला असला की सोयाबीनही पडतं, तेल कितीही चढो. त्यात मक्यापासून इथेनॉल बनवताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीच्या जागी स्वस्तात जायला लागला. म्हणून त्या दिवाळीत आपण सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं आणि त्याच पैशातून महाग तेल घेतलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. शहरातली बाई फक्त घेणारी आहे. आपल्या झरी जामणीच्या घराघरांत विकणारीही आपण आणि घेणारीही आपण.

तुरीचा हिशोब

तूर पाहू. २०१५ मध्ये तूरडाळ कित्येक शहरांत २०० रुपये किलोवर गेली होती. अशी टंचाई पडली की सरकार म्यानमार आणि आफ्रिकेतल्या देशांतून तूर आणतं. २०२१ मध्ये तूर आयात मोकळी केली. त्याने डाळ आटोक्यात येते, पण आपली तूर निघायच्या वेळी बाजार दबतो.

२०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल होता, म्हणजे ८० रुपये किलो. एवढा भाव मिळाला असं धरू. १०० किलो तुरीची डाळ होते ७० ते ७५ किलो. बाकी टरफल आणि चुनी. म्हणजे भरडाई, बारदाना, गाडीभाडं आणि व्यापाऱ्याचा नफा धरायच्या आधीच एक किलो डाळ ११० रुपयांच्या घरात जाते. दुकानदार सगळं लुटतो असं नाही. पण तूर वणी-पांढरकवड्याकडे जाते, कुठल्यातरी गिरणीत भरडून पाकिटात परत येते आणि तो सगळा प्रवास आपण भरतो.

आता घरचं गणित. पाच माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो डाळ लागते असं समजा. वर्षाला ३६ किलो. त्यासाठी ५० किलो तूर ठेवावी लागते, अर्धा क्विंटल. बाकीची खुशाल विका. पण हे अर्धं पोतं जानेवारीत विकायचं आणि जूनमध्ये, पेरणीच्या ऐन खर्चात, त्याचीच डाळ उधारीवर आणायची, यात आपलं नुकसान आहे. घरी भरडली तर चुनी आणि टरफल जनावरांना होतं, हा वरचा फायदा.

दोन गोष्टी सांभाळा. कर्ज काढून तूर ठेवू नका. ४,००० रुपयांच्या तुरीसाठी शेकडा २ रुपये महिन्याने सहा महिने कर्ज राहिलं तर ४८० रुपये व्याज होतं, म्हणजे डाळ किलोमागे १३ रुपयांनी महाग पडते. दुसरी गोष्ट भुंग्याची. तो अख्ख्या तुरीवर अंडी घालतो, डाळीला त्यामानाने कमी लागतो. म्हणून तूर कडक वाळवून लवकर भरडा आणि डाळ घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा.

पाकीट वाचायला शिका

पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचा भाव बदलत नाही, आतलं वजन कमी होतं. त्यामुळे महागाई दिसत नाही, पण पुडा लवकर संपतो. तेलाचंही तसंच. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. समजा एक पिशवी १४० रुपयांची, ९१० ग्रॅमची आणि दुसरी १३५ रुपयांची, ८५० ग्रॅमची. दुसरी स्वस्त वाटते. पण किलोला पहिली पडते १५४ रुपये आणि दुसरी १५९. रुपयांना ग्रॅमने भागा आणि १,००० ने गुणा. मोबाईलवर लेकरू पण करून देते.

जीएसटीचंही माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, डोक्याचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट आणि बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. खाण्याचं तेल, साखर, चहापत्ती यांवर ५ टक्केच आहे. सुट्या डाळीवर आणि सुट्या धान्यावर जीएसटी नाही, छापील पाकिटातल्यावर ५ टक्के आहे. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी मागितलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं.

बैठकीत काय ठरवायचं?

१. प्रत्येकीने एक महिना किराण्याचं टिपण ठेवावं. तेल, डाळ, साखर, चहापत्ती, साबण, एवढ्या पाचच वस्तू. किती आणलं, काय भावाने, नगदी की उधार.

२. पुढच्या बैठकीत ही टिपणं एकत्र वाचा. एकाच गावात एकाच वस्तूला किती वेगळे भाव मोजले जातात ते कळेल. नगदी आणि उधारीच्या भावातला फरकही दिसेल.

३. दहा-पंधरा घरांची तेल-साखरेची मागणी जुळली तर ग्रामसंघाने मुकुटबन किंवा वणीच्या ठोक दुकानात भाव विचारावा. गाडीभाडं धरूनही परवडलं तरच आणावं. पैसे आधी गोळा करायचे, उधारी नाही.

४. ज्या मैत्रिणींकडे शेती नाही, मजुरीवरच घर चालतं, त्यांना गटातल्याच बाईकडून तूर घेता येईल. बाजारात मिळतो तो भाव विकणारीला मिळेल, अडत आणि भाडं दोघींचं वाचेल.

५. भरडाईसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ मिल तयार केलेली आहे. घेण्याआधी आपल्या गावांतून वर्षाला किती क्विंटल तूर भरडायला येईल, ते प्रभागसंघात मोजा. काम पुरेसं नसेल तर मशीन उभीच राहील आणि हप्ते चालू राहतील.

इंडोनेशियातलं तेल आणि दिल्लीतलं शुल्क आपल्या हाती नाही. तूर मात्र आता शेंगेवर आहे. काढणी व्हायच्या आधीच घरात बसून ठरवा, यंदा अर्धं पोतं कोणाच्या नावाने बाजूला ठेवायचं. घरधन्याला हा हिशोब दाखवा, तोही मान्य करेल. पुढच्या जूनमध्ये कर्जाच्या वहीत "किराणा" हे कारण कितीदा लिहावं लागलं, ते आपण पुन्हा मोजू.