दुबळ्या मिश्रणाचा तपास

शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या गॅरेजात, भर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला असता, इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली मोटार येते आणि तिच्या संगणकाच्या दप्तरी ‘पी ०१७१’ हा संकेत नोंदलेला आढळतो, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. एक भाग पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ढळल्याची वर्दी प्राणवायू-संवेदक सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावरून देतो, आणि संगणक इंधनाची मात्रा वाढवून तूट भरून काढू पाहतो.

या वाढीचे शेकडा प्रमाण हाच तपासाचा मुख्य पुरावा होय. इंजिन मंद चालत असता ते मोठे आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर अल्प असेल, तर उष्णतेने तडकलेल्या रबरी नळीतून बेहिशेबी हवा शिरत असल्याचा संशय बळावतो, कारण एकूण हवा वाढताच त्या गळतीचा वाटा नगण्य ठरतो. उलट, भारासरशी ते वाढत गेले, तर पंपाचा दाब, तुंबलेली गाळणी अथवा वाळवंटी धुळीने माखलेला हवामापक यांची चौकशी करणे प्राप्त होते. संवेदक बदलण्याचा खर्च मंजूर करण्यापूर्वी नळ्यांत धूर सोडून गळती पाहणे हेच शहाणपणाचे.