शूळ आणि जुना व्रण

‘शूल’ म्हणजे भाला. पोटात उठणाऱ्या कळेला आपल्या प्राचीन वैद्यकाने हेच नाव दिले, ते उगीच नव्हे. १८८२ साली बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी प्रथम रोग्याचे पित्ताशय काढले. ते काढले की खड्यांची व्यथा कायमची संपली, असा आपला समज असतो. माझाही होता. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी बेंबीच्या वर कळ उठली, तेव्हा आम्लपित्त समजून मी सोडा घेत राहिलो. डोळे पिवळे झाले, तेव्हा उमगले. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय हे केवळ त्याचे कोठार. कोठार गेले तरी पित्तनलिका उरते, आणि तिच्यात खडा राहून जाऊ शकतो वा नव्याने होऊ शकतो. कावीळ, गडद लघवी, थंडी वाजून ताप ही त्याची लक्षणे. पोट फुगून उलट्या होणे, वायू व शौच अडणे, हे जुन्या व्रणापाशी आतडे चिकटून अडल्याचे चिन्ह असू शकते. हृदयविकाराची वेदनाही कधी याच जागी जाणवते. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. आणि जुनी शस्त्रक्रिया कितीही वर्षांपूर्वीची असो, डॉक्टरांस ती प्रथम सांगावी.