आईचं नाव आधी

3 जून जवळ आला की दादाजी खोब्रागडे आठवतात. 2018 साली याच दिवशी ते गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे हे अल्पभूधारक. 1983 मध्ये पटेल-3 धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षं पेरून पारखल्या आणि वाण उभा केला. त्याला नाव पडलं एचएमटी, घड्याळाचं! गोंदियाच्या बाजारात तो तांदूळ पोत्यांनी विकला गेला. पोत्यावर दादाजी नव्हते.

यंदा हे जास्तच बोचलं. आमच्या कुडवा गावात जुळवलेली जास्वंद एका नर्सरीत ‘नवीन व्हरायटी’ म्हणून विकायला होती. माय कोण, बाप कोण, असं विचारलं तर मालक नुसता हसला.

नव्वदच्या आधीची आमची बागकामाची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पुढचं दशक मात्र वेगळं होतं. कुडव्यात घरांना लागून धानाच्या बांध्या होत्या आणि आम्हा चार-पाच शेजाऱ्यांना जास्वंदीच्या संकराचं वेड लागलं होतं. उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हेरायची, पाकळ्या सारून चिमट्यानं पुंकेसर काढायचे, बटर पेपरची पिशवी चढवून विडीच्या दोऱ्यानं बांधायची. सकाळी दुसऱ्या फुलाचे पराग तिच्या कुक्षीच्या पाचही टोकांना लावायचे आणि झाडाजवळून हलण्याआधी चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर आईचं नाव आधी, मग गुणाकाराची खूण, मग बापाचं नाव आणि तारीख. बॉलपेनची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. बोंड पिकायला दीड-दोन महिने लागतात, तेवढ्यात पाऊसही येऊन जाई. म्हणून काहीजण थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं कोरत. एका बोंडातली भावंडंही सारखी फुलत नाहीत, म्हणून वहीत प्रत्येक रोपाला स्वतंत्र आकडा असे. ‘93-2-4’ म्हणजे 93 सालचा दुसरा संकर, चौथं रोप. पहिलं फूल दिसायला वर्ष उलटे. वही नसती तर कोणाला काय आठवलं असतं?

‘एवढं लिहून काय मिळते?’ असं तेव्हा शहाणे म्हणत. त्यांचंच खरं मानून आज सगळे चालले आहेत. बांध्यांवर प्लॉट पडले, वह्या रद्दीत गेल्या. फोनमध्ये फुलांचे ढीगभर फोटो आहेत, वंशावळ एकाचीही नाही. ज्यांनी पहाटे उठून ती जास्वंद जुळवली, त्यांचा तिच्यावरचा हक्क असा पुसला गेला. मला हे चोरीहून कमी वाटत नाही.

या पावसाळ्यात कुणी संकर करणार असाल, तर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहा. कलम दुसऱ्याला देताना त्या चिठ्ठीची नक्कलही सोबत द्या.