एका दिवसात ‘अस्सल’ तुर्की गाव?

इफेससच्या सहलीला जोडून दाखवले जाणारे शिरिंजे हे ‘पारंपरिक तुर्की खेडे’ म्हणून खपते, पण त्यातला ‘पारंपरिक’ हा शब्द तपासूनच घ्यावा. डोंगरउतारावरची ती पांढरी घरे ऑर्थोडॉक्स ग्रीकांनी बांधली. 1923च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीच्या करारानंतर (निकष भाषेचा नव्हे, धर्माचा!) ग्रीसमधून आलेले मुस्लिम तिथे वसले. शिवाय 2012च्या कायद्याने महानगर प्रांतांतली सोळा हजारांहून अधिक गावे कागदोपत्री मोहल्ले झाली. त्यामुळे शिरिंजे आज सरकारदरबारी गावच नाही. दुपारच्या दोन तासांत पाहुण्याला गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) लाटणारी बाई, फळांची वाइन आणि लेसकामाची दुकाने दिसतात. त्यांना गावाचे आतिथ्य म्हणता येईल, दिनक्रम नव्हे.

यावर कुणी म्हणेल, पर्यटन नसते तर ही घरे तरी टिकली असती का? प्रश्न रास्त आहे. फेथियेजवळचे कायाकॉय हे गाव त्याच अदलाबदलीत ओस पडले. आज तिथे शेकडो घरांच्या छपराविना भिंती उभ्या आहेत. पण छप्पर टिकवणारा पैसा गावाचा इतिहास सांगायची मुभा काही काढून घेत नाही. गाइडने दोन मिनिटे 1923बद्दल बोलल्याने गोझलेमेचा खप घटणार नाही. आणि शेतकऱ्यांची उठबस पाहायची असेल, तर शिरिंजेजवळच्या सेल्चुक शहरातला शनिवारचा बाजार गाठावा. आसपासच्या गावांतला माल तिथे येतो, आणि घासाघीस मुख्यतः तुर्कीतच चालते.