सातपुड्याच्या पायवाटा आणि आपल्या विहिरी



बुलढाणा जिल्ह्यातला माणूस आपला पत्ता एका शब्दात सांगतो. तो 'घाटावरचा' असतो किंवा 'घाटाखालचा'. हा घाट म्हणजे अजिंठ्याची रांग. बुलढाणा शहर या रांगेवर सुमारे २,१०० फूट उंचीवर वसले आहे. परंतु जिल्ह्याला आणखी एक डोंगर आहे आणि त्याची आठवण जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या मंडळींखेरीज फारशी कुणाला होत नाही. तो म्हणजे उत्तरेच्या अंगाला आडवा पसरलेला सातपुडा. या अंकात बेणे, खोडवा आणि खताचे हप्ते बाजूला ठेवून त्या डोंगरातल्या वाटांविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे.

शिवारफेरीत आम्हांला एक प्रश्न हटकून विचारला जातो. "सायेब, ठिबक करा म्हनता, पाचट जाळू नका म्हनता, समदं केलं. पन बोअर दरसाल खालीच चालला. ते पानी गेलं तरी कोठी?" या प्रश्नाचे उत्तर उसाच्या प्लॉटवर उभे राहून नीट देता येत नाही. म्हणून पाऊस उघडल्यानंतर आणि गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी जी थोडी सवड मिळते तिच्यात आम्ही शेती विभागाचे कर्मचारी आणि इच्छुक सभासद मिळून डोंगर चढतो. कुणी याला सहल म्हणतात. म्हणोत बापडे.

चालण्याला सर्वांत चांगली वाट नरनाळ्याची. किल्ला अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात. पण संग्रामपूरहून काही लांब नाही. शहानूर हे पायथ्याचे गाव. तेथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, वाटाड्या घेऊन निघायचे. वर गाडीरस्ताही जातो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तो जरूर घ्यावा, लाजायचे कारण नाही. पण पायी गेले म्हणजे अरण्य कसे बदलत जाते ते कळते. खाली साग, मग धावडा, सालई, ऐन, मधूनच बांबूची बेटे. चढ मोठा अवघड नाही, लांबट आहे. एकामागून एक दरवाजे लागतात आणि शेवटी महाकाली दरवाजा समोर येतो. हा इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला याच्या काळातला. त्यावरचा शिलालेख १४८७ च्या सुमाराचा आहे. असे नक्षीकाम विदर्भातल्या दुसऱ्या किल्ल्यावर क्वचितच पाहायला मिळेल. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन गड एकमेकांना जोडून हा किल्ला झाला आहे. माथ्याची उंची ३,१०० फुटांच्या आसपास.

आम्हांला मात्र या गडावर दरवाजापेक्षा तलावांचे अप्रूप अधिक. इतक्या उंचीवर, चहूकडे कडे तुटलेले, आणि वर तलावामागून तलाव! पावसाचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरावे अशी चर खोदून केलेली सोय आजही ओळखता येते. त्यांतल्या एकाचे नाव शक्कर तलाव. साखर कारखान्याच्या माणसांनी हे नाव ऐकल्यावर जे व्हायचे तेच होते. दर वेळी कुणीतरी म्हणतेच, "सायेब, इथली रिकव्हरी किती?" हे तळे कधी आटत नाही, असे आसपासचे लोक सांगतात. गडावर शेकडो माणसे आणि जनावरे राहात होती, ती या साठवणीवर. आपल्याकडे शेततळ्याला अनुदान असूनही किती जणांनी ते केले, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

नरनाळ्याच्या पूर्वेला चिखलदरा, गाविलगड आणि वैराट. वैराटचे शिखर १,१७८ मीटर, म्हणजे सुमारे ३,८६५ फूट. गाविलगडाच्या डोंगरांत याहून उंच जागा नाही. नाशिक-नगरकडचे कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यापुढे हे लहानच. पण वऱ्हाडच्या सपाटीवरून पाहणाऱ्याला ते आभाळाला टेकलेले वाटते. वैराटकडे जाताना थंडी एकदम अंगाला लागते, आणि चिखलदऱ्याला चक्क कॉफीचे मळे आहेत. ही मेळघाटची बाजू १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा वाटेल तिकडून वाटेल तसे शिरता येत नाही. जेवढ्या वाटा खुल्या आहेत तेवढ्या पुरेशा आहेत.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. त्याच्या शेजारी वान अभयारण्य, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर वारी भैरवगड. वारीचा हनुमान सर्वांना ठाऊक आहे; त्याच्या वरच्या अंगाला वान नदीवरचे धरण आहे, तेही बहुतेकांनी पाहिले असेल. जळगाव जामोदकडून करोली घाटाने बऱ्हाणपूरकडे जायचा रस्ता याच डोंगरातून जातो. त्या बाजूला मैलगड नावाचा छोटा किल्ला आहे आणि त्यावर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. येथेही पुन्हा पाणीच!

आमचा वाटाड्या कोरकू होता, वयाने साठीच्या पुढचा. कोरकूंची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नव्हे, तर पूर्वेकडच्या मुंडा-संथाळांच्या भाषांच्या कुळातली. पण आमच्याशी तो वऱ्हाडीतच बोलत होता. एका वाहत्या नाल्यापाशी थांबून तो म्हणाला, "हा नाला डोयात भरून घ्या. खाली गेलो का दिसनार नाही."

खरोखर तसेच झाले. वर खळखळ करणारा तो नाला पायथ्याला आला आणि गोटे-वाळूच्या पसाऱ्यात शिरून नाहीसा झाला. पात्र रुंद, कोरडे ठणठणीत. बरोबरचे सभासद उभे राहून पाहात होते. त्यांतल्या एकाने टाचेने वाळू उकरून पाहिली.

बंधूंनो, तुमच्या बोअरचे पाणी येते ते येथून. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा पट्टा आहे. जाणकार याला 'बझाडा' म्हणतात. नाले या पट्ट्यात जिरतात आणि ते पाणी जमिनीखालून दक्षिणेकडे सरकते. केळी, संत्री आणि आपला ऊस यांच्या बागायती त्याच्या जोरावर उभ्या आहेत. सातपुड्याच्या या पाझराची किंमत जुन्या लोकांनी ओळखली होती. डोंगराच्या पलीकडे बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१५ साली, विहिरींची रांग खोदून आणि ती भुयाराने जोडून डोंगराचा पाझर शहरापर्यंत नेला. पंप नाही, वीज नाही, उतारावर पाणी आपोआप चालते.

पायथा सोडून पूर्णा नदीकडे उतरत गेलो की चित्र पालटते. गाळाची चिकण माती शेकडो फूट खोल आणि तिच्यातले पाणी खारट. हाच आपला खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर. या पाण्यावर ऊस करू नका, जमीन चोपण होईल, असे आम्ही सांगत आलो आहोत. ऊस एक वेळ राहू द्या, ते पाणी माणसांनी प्यायचे तरी कसे? मूत्रपिंडाच्या विकाराने घरातली कर्ती माणसे गेल्याचे संग्रामपूर, जळगाव जामोदच्या कितीतरी गावांत ऐकायला मिळते. त्यातल्या अनेक गावांना आता वान धरणाचे गोडे पाणी नळाने मिळते. वान कुठून येते? त्याच रानातून.

म्हणून डोंगरावर जंगल पेटलेले दिसले की आम्हांला बेचैन व्हायला होते. फेब्रुवारीपासून पानगळ होते, मोहाफुले वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून कुणी काडी लावतो, कुणी विडीचे थोटूक टाकतो. पाला जळून गेला की पहिल्या पावसाचे पाणी जिरत नाही. ते लाल होऊन धावत खाली येते. पाचट जाळल्याने फडाचे जे होते तेच तेथे होते, फक्त हजारो एकरांवर.

हे सगळे सांगितल्यावर एका सभासदाने आम्हांला ऐकवले, "जंगल तुमाले गोड लागते सायेब. आमचा ऊस डुकरं खातेत." हे खरे आहे आणि ते झटकून टाकणे बरोबर नाही. एका रात्रीत अर्धा एकर आडवा झालेला फड आम्ही पाहिला आहे. नुकसानीची खबर ३ दिवसांच्या आत वनखात्याला दिली तर भरपाईचा अर्ज चालतो. पुष्कळ जण चौथ्या-पाचव्या दिवशी येतात आणि मग कारखान्याच्या नावाने बोटे मोडतात. आपल्या गट कार्यालयात अर्ज भरून देण्याची सोय आहे. मात्र कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका. त्या तारेला डुकराआधी माणूस चिकटतो. तो परका नसतो, आपलाच पाणी धरणारा गडी असतो.

डुकरांवरून वाघाची गोष्ट आठवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात पट्टा बांधलेला. २०१९ च्या जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणाची हद्द, मराठवाडा असे करीत डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात, बोथ्याच्या जंगलात पोहोचला. १,३०० किलोमीटरच्या वर चाल. ज्ञानगंगा अवघे २०५ चौरस किलोमीटर. दिवसा पिकात, झुडपांत दडायचे आणि रात्री चालायचे, असे त्याने कापूस-तुरीच्या शिवारांतून केले. वाटेत तो झुडपात बसला असता माणसांचा घोळका जवळ गेला, तेव्हा एक जण जखमी झाला, एवढाच काय तो संघर्ष. नदीनाल्यांच्या काठची झाडी शिल्लक होती म्हणून त्याला वाट मिळाली. बांधावरची शेवटची बाभूळ तोडण्याआधी हे ध्यानात असू द्यावे.

यंदाच्या फेरीला येणाऱ्यांनी पायांत बूट किंवा घट्ट चपला, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, माणशी ३ लिटर पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. विडी-काडी घरी ठेवावी. पहाटे ५ वाजता कारखान्याच्या गेटवरून गाडी सुटेल, थांबणार नाही. घाटावरच्या सभासदांनी आदल्या रात्री मुक्कामाला यावे. गेल्या खेपेला महिला सभासद दोनच होत्या, त्या सर्वांच्या पुढे चालत होत्या. या खेपेला त्यांच्यासाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आहेत. नोंदणी आपापल्या गटातल्या शेतकी मदतनिसाकडे करावी.