वजनाच्या काट्यावर ठरणारी मात्रा

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत नाहीत, तेव्हा त्या आजाराला बहुऔषध-प्रतिरोधी क्षयरोग म्हणतात. अशा रुग्णाच्या गोळ्यांची मात्रा वयापेक्षा वजनगटावरून, म्हणजे किलोंच्या ठरावीक टप्प्यावरून, ठरते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या तक्त्यानुसार लिव्होफ्लॉक्सासिन ३० ते ४५ किलोंच्या गटात रोज ७५० मिलिग्रॅम, तर ४६ ते ७० किलोंच्या गटात १००० मिलिग्रॅम दिले जाते. मात्र बेडाक्विलीनची मात्रा प्रौढांसाठी सारखीच असते, पहिले दोन आठवडे रोज ४०० आणि पुढे आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम. मात्रा कमी पडली तर रक्तातील औषधाची पातळी जंतू मारण्याइतकी चढत नाही आणि तग धरलेले जंतूच वाढतात. जास्त झाली तर यकृत, नसा वा हृदयाची लय यांना इजा पोहोचू शकते.

क्षयाने शरीर झिजते व उपचाराने भरते, म्हणून ४४ किलोंची बाई ४७ वर पोहोचली की तिचा गट बदलतो, आणि हे चपला काढून घेतलेल्या वजनाशिवाय कळत नाही. नांदेड जिल्ह्यातील कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नेमके हेच वजन घ्यायचे राहून जाते. म्हणून स्थलांतरापूर्वी रुग्णाने जवळच्या आरोग्य केंद्रात वजन करून, उपचारपत्रिकेवर नोंदवून घ्यावे आणि मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये.