मंगळागौर आणि अमंगळाची भाषा : काशीच्या निमित्ताने शिष्टाचार व निषेध यांचा विचार

काशीतील पंचगंगा घाटाजवळच्या अरुंद गल्ल्यांत मंगला गौरीचे देवालय आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात या देवीचा, तिच्या सान्निध्यातील गभस्तीश्वराचा व मयूखादित्याचा महिमा सांगितला आहे. काशीतील नऊ गौरींमध्ये हिची गणना होते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सारा परिसर महाराष्ट्रीय ब्राह्मणांच्या जुन्या वसतीचा. त्यामुळे महाराष्ट्रात श्रावणी मंगळवारी पाटावर मांडली जाणारी मंगळागौर आणि काशीक्षेत्रातील ही मंगला गौरी यांचा शेजार येथे प्रत्यक्ष घडून आलेला आहे. हा शेजार पंचांगातही दिसतो. उत्तरेकडील महिने पौर्णिमान्त, तर महाराष्ट्रातील अमान्त. म्हणून स्थानिक स्त्रियांचा श्रावण पंधरवडाभर आधी लागतो आणि महाराष्ट्रीय पंचांग पाळणाऱ्या घरी तो पंधरवडाभर मागाहून संपतो. देवी एकच, परंतु तिचे मंगळवार दोन पंगतींत वाटलेले आहेत. केवळ शुक्लपक्षातील मंगळवार तेवढे दोघींना समाईक.

या व्रताच्या निमित्ताने एका व्यापक प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावयाचे आहे. काय करावे यापेक्षा काय बोलू नये, कोणाचे नाव घेऊ नये, कोणाला बोलावू नये, यांचे नियम आशियातील बहुतेक संस्कृतींनी अधिक काटेकोरपणे घालून दिलेले आहेत. त्यांतील कोणत्या नियमांना शिष्टाचार म्हणावे व कोणत्यांना निषेध? आणि या नियमांची किंमत कोण मोजतो?

प्रथम मंगळागौरीची कहाणीच पाहू. प्रचलित पाठानुसार एका वाण्याला अल्पायुषी पुत्र होतो. काशीयात्रेवाचून त्याचे लग्न करावयाचे नाही असे ठरलेले असल्याने तो मामासह काशीला निघतो. वाटेत एका नगरात मुली खेळत असतात. भांडणात एक मुलगी दुसरीला वैधव्यसूचक शिवी देते. त्यावर दुसरी सांगते, की माझी आई मंगळागौरीचे व्रत करते, तेव्हा आमच्या कुळात कोणी विधवा होणार नाही. मामा हे ऐकतो, आणि त्याच संध्याकाळी आजारी पडलेल्या नियोजित वराच्या जागी भाच्याला उभा करतो. रात्री सर्प येतो. देवीने स्वप्नात सांगितल्याप्रमाणे वधू त्याला कऱ्ह्यात कोंडते आणि तो कऱ्हा वाण म्हणून आईला देते. पुढे त्या कऱ्ह्यातून हार निघतो. पती मात्र पहाटेच काशीला निघून गेलेला असतो, आणि पुढे त्याची ओळख पटते ती अंगठीवरून व लाडवांच्या खुणेवरून.

या कथेत एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. सारे कथानक एका उच्चारलेल्या अशुभ शब्दाने सुरू होते आणि पतीची ओळख मात्र नावाने कोठेच पटत नाही. जो शब्द उच्चारू नये तो उच्चारला गेला म्हणून कथा घडते. जे नाव घ्यावयाचे नाही त्याची जागा वस्तू घेतात. व्रताच्या आचारातही हेच सूत्र आहे. पूजेनंतर नवविवाहितेने मुक्याने जेवावयाचे, आणि रात्री जागरणात झिम्मा, फुगडी, पिंगा यांच्या गजरात पतीचे नाव घ्यावयाचे, परंतु तेही उखाण्यातूनच. मराठीत 'उखाणा' या शब्दाचा कोडे असाही अर्थ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. नाव सरळ घेता येत नाही, म्हणून ते यमकाच्या पदरात गुंडाळून, सर्वांच्या आग्रहानंतर, शेवटी ठेवावयाचे. एरवी बोलण्यात 'अहो', 'इकडची स्वारी', 'इकडून येणे झाले' अशी दिशावाचक भाषा. भोजपुरी घरांत मुलाच्या नावाने 'अमक्याचे बाबू' असे म्हणतात, तर बाली बेटावर माणूस अपत्य झाल्यावर 'अमक्याचा बाप', 'अमकीची आई' याच नावाने ओळखला जातो. मंगोल व कझाक समाजांत सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांची नावे टाळण्याची रीत इतकी दूरवर गेली, की त्या नावांशी मिळतेजुळते सामान्य शब्दही तिला बदलून घ्यावे लागत.

परंतु नामनिषेध हा केवळ स्त्रियांपुरता नाही. चीनमध्ये सम्राटाच्या व पूर्वजांच्या नावातील अक्षरे लिहिणे वर्ज्य होते. कांगशी सम्राटाच्या नावात 'श्वेन' हे अक्षर होते, म्हणून बीजिंगच्या राजवाड्यातील 'श्वेनवू' द्वाराचे नाव 'शेनवू' असे करण्यात आले. जपानमध्ये राज्यावर असलेल्या सम्राटाचा उल्लेख व्यक्तिनामाने करीत नाहीत. आपल्याकडेही एक प्रसिद्ध सुभाषित पुरुषाला सांगते, की स्वतःचे, गुरूचे, अतिकृपणाचे, ज्येष्ठ अपत्याचे आणि पत्नीचे नाव घेऊ नये. म्हणजे मुळात हा संकेत दोन्ही बाजूंनी होता. व्यवहारात मात्र पुरुषावरील निर्बंध सैल झाला व स्त्रीवरील टिकला. जो नियम परस्पर असतो तो शिष्टाचार, आणि जो एकाच पक्षाने पाळावयाचा असतो तो निषेध, असा भेद करावयास येथे आधार मिळतो. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत या संकेताची पडझड पाहता येते. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींत पती आदरार्थी शब्दांच्या आडून वावरतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त ते सरळ 'टिळक' होतात. दोन पुस्तकांमधील अंतर पाव शतकाचे आहे, पण नात्यातील अंतर त्याहून मोठे आहे.

आता दुसरा प्रकार. अमंगळ घटनेला मंगल शब्द देणे. मराठी घरात नारळ फोडीत नाहीत, 'वाढवतात'. बांगडी फुटत नाही, 'वाढवते'. मंगळसूत्र तुटले तरी ते 'वाढवले' असेच म्हणावयाचे. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणावे. काशीत आलेल्या मराठी माणसाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही, कारण हिंदीतही दुकान 'बढाते', दिवा 'बढातात' आणि बांगड्याही 'बढातात'. संपणे, विझणे, फुटणे या तिन्ही क्रियांना दोन्ही भाषांनी वृद्धीचा शब्द दिला आहे. जपानी विवाहभोजनाची सांगता करताना 'समाप्त' म्हणत नाहीत. 'ओहिराकी', म्हणजे उघडणे, असे म्हणतात. इ. स. ९२७ मध्ये सिद्ध झालेल्या 'एन्गिशिकी' या जपानी संहितेत इसे येथील देवस्थानाच्या सेवेतील राजकन्येच्या निवासात वापरावयाच्या पर्यायी शब्दांची यादीच आहे. तीत मरणाला 'बरे होणे', रक्ताला 'घाम' आणि मुंडन केलेल्या बौद्ध भिक्षूला 'लांब केसांचा' असे शब्द योजले आहेत. मलाया द्वीपकल्पातील जोहोरच्या अरण्यात कापूर शोधणारे लोक तेथे असेपर्यंत नित्याची भाषा टाकून एक निराळीच शब्दावली वापरीत. चिनी भाषेत घड्याळ भेट देणे आणि अंत्यसंस्कारास उपस्थित राहणे हे शब्दप्रयोग समोच्चारी असल्याने घड्याळ ही भेट वर्ज्य ठरली.

या उदाहरणांतून दिसते ते असे, की शब्द आणि वस्तू यांमध्ये भिंत नाही, अशी श्रद्धा या व्यवहारामागे आहे. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तिच्यात दुसऱ्याच्या भयाची बूज राखण्याची सभ्यताही आहे. याचे एक सुंदर उदाहरण याच पंचगंगा परिसरात घडले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी सनईची साधना पंचगंगेजवळच्या बालाजी मंदिरात केली. सनई हे मंगलवाद्य. तेच वाद्य, शिया परंपरेचे हे वादक मोहरमच्या शोककाळात मंगलासाठी वाजवीत नसत. आठव्या दिवशी वाजवीत ते शोकाचे सूर. एकाच वाद्याचा एका समाजाच्या देवळात मंगलध्वनी व्हावा आणि दुसऱ्याच्या दुःखकाळात त्याने मौन धरावे, यात कोणाचाही अवमान नाही. वादकाने स्वतः स्वीकारलेला हा संकेत आहे.

याच कसोटीवर मंगळागौरीच्या आमंत्रणाचा विचार केला, तर निराळे चित्र दिसते. या व्रतात सवाष्णींना निमंत्रण, विधवेला नाही. कहाणीतील शिवी ज्या स्थितीचे नाव आहे, त्या स्थितीतील स्त्रीची सावलीही मंगलकार्यावर नको, असा हा निषेध. आणि काशीत तर अशा स्त्रिया पिढ्यानुपिढ्या आयुष्याचे शेवटचे दिवस कंठण्यासाठी येत राहिल्या. म्हणजे एका गल्लीत वैधव्य टळावे म्हणून व्रत, आणि त्याच गल्लीत ते न टळलेल्यांची वसती. या स्त्रियांना भाषेने दिलेले उपपदही गंगेचेच : 'गंगाभागीरथी', पत्रिकेवर संक्षेपाने 'गं. भा.'. बांगडीला 'वाढवले' म्हणणाऱ्या भाषेनेच हा आदराचा शब्द घडवला. परंतु बांगडीच्या बाबतीत शब्द दुःख झाकतो. येथे तो माणसाला झाकतो. पत्रिकेवर उपपद मिळते, पाटावर जागा मिळत नाही.

इतिहासाने या निषेधाला दिलेले उत्तर काशीतच उभे आहे. विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकर यांनी पुन्हा उभारले. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतालचा स्तंभमंडप १८२८ च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविला. दौलतरावांचे निधन १८२७ मध्ये झाले होते. काशीयात्रेचे जे सर्वात मंगल स्थान, ते या दोन विधवा मराठी स्त्रियांच्या हातचे आहे. ज्या हातांनी देवाला घर दिले, ते हात हळदीकुंकवाला चालत नाहीत, ही विसंगती शास्त्रार्थाने सुटणारी नाही.

ती सोडविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात दीर्घकाळ चालले आहेत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मधील. धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये. त्यानंतर जवळजवळ एकशे तीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये मात्र 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगाभागीरथी' हा शब्द योजावा, असा प्रस्ताव शासनस्तरावर चर्चेस आला आणि त्यावर टीका झाली. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या विवेचनाचे सूत्र स्पष्ट होते. हेरवाडने कृती बदलली. दुसऱ्या प्रस्तावाने शब्द बदलू पाहिला. निषेध कायम ठेवून त्याचे नाव तेवढे गोड करणे, ही पर्यायोक्तीची सर्वात जुनी खोड आहे.

तात्पर्य, आचारांचा तौलनिक अभ्यास करताना ते चमत्कारिक आहेत किंवा रम्य आहेत एवढे नोंदवून भागत नाही. संकेत कोणी घातला, कोणी पाळावयाचा आणि तो पाळताना गप्प कोणाला बसावे लागते, हे विचारणे अगत्याचे आहे. मंगळागौरीचे मौन जेवणापुरते असते. रात्री त्याच मुली गाऊ लागतात. ज्या स्त्रियांचे मौन पंगतीनंतरही सुटले नाही, त्यांच्याकडे पाहिल्याखेरीज या व्रताच्या भाषेचा अर्थ पुरता लागणार नाही. कहाणीतील कऱ्ह्यात कोंडलेल्या सर्पाचा हार झाला, कारण आईने तो कऱ्हा उघडला. झाकलेले उघडण्याचे तेच काम आता अभ्यासकाकडे आलेले आहे.